मुलांचा प्रश्न संसदेत कसा न्यायचा : अंगणवाडीच्या रजिस्टरपासून स्थायी समितीपर्यंत

देशात अठरा वर्षांखालची ४० कोटींहून जास्त मुलं-मुली आहेत. मतदार यादीत यांतलं कुणीच नाही. निवडणुकीच्या धामधुमीत त्यांच्या आहाराचा, शाळेचा, सुरक्षिततेचा विषय निघालाच तर भाषणाच्या शेवटी निघतो. दिल्लीत त्यांचं कामही विखुरलेलं आहे. महिला व बालविकास मंत्रालय २००६ पासून स्वतंत्र आहे खरं, पण शाळा शिक्षण मंत्रालयाकडे, लसीकरण आरोग्याकडे, बालमजुरी श्रम मंत्रालयाकडे, आदिवासी आश्रमशाळांचा विषय आदिवासी विकासाकडे. एका मुलाची फाईल चार-पाच टेबलांवर पडलेली असते आणि ती एकत्र करून मांडणारं कुणी नसतं.

हे काम नागरिक करू शकतात. केंद्र सरकारला मुलांच्या बाजूने जाब विचारण्याचे रस्ते कायद्यात आणि संसदेच्या नियमांत आधीपासून आहेत. पण ते नेमका, लेखी आणि वेळेवर पोचलेला कागद मागतात. मोर्चा, उपोषण, समाजमाध्यमांवरचा संताप यांचं स्थान वेगळं. मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यायला लावतो तो कागदच. तो कसा तयार करायचा आणि कुठे द्यायचा, ते एकच प्रश्न हातात धरून शेवटपर्यंत पाहू.

पायरी १ : प्रश्न बारीक करा

बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, आष्टी या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड मजुरांची कुटुंबं निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. पुढचे पाच-सहा महिने मुक्काम सांगली-कोल्हापुरात, नाहीतर हद्द ओलांडून कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे. आईबाप पहाटेच्या अंधारात फडात जातात. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, मागे राहतं दोन-तीन वर्षांचं मूल, आणि त्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची बहीण. मुलाचं नाव गावच्या अंगणवाडीच्या रजिस्टरात असतं, बहिणीचं गावच्या शाळेच्या पटावर. आहार गावात येतो, मूल ऊसाच्या फडाजवळ असतं.

यावर ‘ऊसतोड मजुरांच्या मुलांचा सर्वांगीण विकास व्हावा’ असं निवेदन दिलं, तर त्यावर शिक्का बसेल आणि ते फाईलला लागेल. त्याऐवजी असं विचारा : गाव सोडून गेलेल्या सहा वर्षांखालच्या मुलाला मुक्कामाच्या ठिकाणी अंगणवाडीचा पूरक पोषण आहार मिळतो का? आता एक मंत्रालय, एक योजना आणि एक खर्चाची ओळ ठरली. बहिणीच्या शाळेचा प्रश्न तितकाच मोठा आहे, पण तो शिक्षण मंत्रालयाचा. त्यासाठी दुसरा कागद करा. दोन्ही एकत्र घातलेत की दोन्ही मंत्रालयं एकमेकांकडे बोट दाखवतात.

पायरी २ : हा विषय केंद्राचा आहे का, ते तपासा

जिल्ह्यातली एखादी अंगणवाडी बंद आहे, हा विषय जिल्हा परिषदेचा आणि राज्याचा. तो खासदाराने लोकसभेत विचारला तर राज्याच्या अखत्यारीतला म्हणून प्रश्न बाद होतो. आपल्या उदाहरणात मात्र केंद्राचा धागा पक्का आहे. ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ ही केंद्र पुरस्कृत योजना आहे, पूरक आहाराचा खर्च महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात, नोंदी केंद्राच्या ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाइल अ‍ॅपवर होतात, आणि मूल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातं. चारही गोष्टी निवेदनाच्या पहिल्या परिच्छेदात लिहा.

एखाद्या मुलाला आत्ता धोका असेल तर यातलं काहीही करत बसू नका. मुलांसाठीच्या १०९८ या मदतवाहिनीला फोन करा, जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला कळवा.

पायरी ३ : मोजणी करा, आणि मुलांना विचारा

मोजलेल्या गोष्टीत किती ताकद असते हे महाराष्ट्रानेच देशाला दाखवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदला गेला. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ मध्ये केंद्राने घरोघरी नवजात बाळाच्या काळजीचा कार्यक्रम ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत देशभर सुरू केला. मध्ये बारा वर्षं गेली, तरी दिल्लीला ते डावलता आलं नाही, कारण मोजणी पक्की होती.

आपल्याला इतका मोठा अभ्यास करायचा नाही. एका गावातून गेलेल्या मुलांची यादी पुरते : वय, कोणत्या महिन्यात गेलं, कुठे गेलं, तिथे जवळची अंगणवाडी किती अंतरावर, तिथे नाव लागलं का, आहार मिळाला का, परत आल्यावर वजन किती. गावच्या अंगणवाडी सेविकेला विश्वासात घ्या. तिच्याकडे यातलं निम्मं आधीच असतं, आणि हा अभ्यास तिच्या विरोधात नाही हे तिला पहिल्या भेटीतच सांगा. नाहीतर रजिस्टर उघडणार नाही, आणि त्यात तिची चूक नाही. वरून आलेल्या प्रत्येक चौकशीचा फटका शेवटी तिलाच बसतो, हे तिने पाहिलेलं असतं.

पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करायची सोय आहे. ती किती वापरली जाते, हे माहितीच्या अधिकारात विचारा : १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर, केंद्राच्या मंत्रालयासाठी ऑनलाइन अर्ज. राज्याचं चित्र दाखवायला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण वापरा. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश निघाली. देशाची सरासरी कृशतेत १९.३ टक्के होती, म्हणजे या बाबतीत आपण देशाच्याही मागे आहोत.

आता मुलांना विचारणं. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत सामील होताना मुलांशी संबंधित बाबींत त्यांचं म्हणणं ऐकण्याची जबाबदारीही घेतली. कर्नाटकात मुलांच्या ग्रामसभा भरवण्याची पद्धत रुजली आहे. आपल्याकडे बालसभा म्हणून ती काही ठिकाणी होते. आठ-नऊ वर्षांची मुलगी ‘दिवसभर काय करतेस’ या प्रश्नाला जे उत्तर देते, त्यात धोरणाला लागणारा तपशील असतो : पाणी कुठून आणते, धाकट्याला काय भरवते, कुणाची भीती वाटते. तिचे शब्द तिच्याच भाषेत लिहून घ्या. नाव, गाव, फोटो मात्र कागदावर येऊ देऊ नका. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे, आणि कायदा लागू नसेल तिथेही हे पाळायला हवं. मुलांना हातात फलक देऊन मंत्र्यासमोर उभं करण्याला माझा साफ विरोध आहे.

पायरी ४ : अर्थसंकल्पातलं विवरणपत्र क्र. १२ वाचा

२००८-०९ पासून केंद्र सरकार अर्थसंकल्पासोबत मुलांसाठीच्या तरतुदींचं वेगळं विवरणपत्र देतं. सध्या ते ‘एक्स्पेंडिचर प्रोफाइल’ या खंडात १२ व्या क्रमांकावर येतं आणि अर्थ मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. वेगवेगळ्या मंत्रालयांतला मुलांवरचा खर्च एका जागी दिसतो तो इथेच. अलीकडच्या वर्षांत ही रक्कम एक लाख कोटींच्या वर आहे. आकडा डोळे दिपवतो, पण केंद्राच्या एकूण खर्चात तो दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास बसतो. ज्यांच्यासाठी तो आहे ते लोकसंख्येचा तिसरा हिस्सा आहेत.

वाचताना तीन रकाने शेजारी ठेवा : अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च. बातम्यांत पहिलाच आकडा येतो. खरी गोष्ट एकाच वर्षाची तरतूद आणि त्याच वर्षाचा प्रत्यक्ष खर्च यांतल्या फरकात असते. तरतूद वाढली आणि खर्च झालाच नाही, तर तक्रार पैशाची नसून अंमलबजावणीची आहे. दोन्हींची निवेदनं वेगळी होतात.

मग एका मुलापर्यंत या. पूरक आहारासाठी सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलामागे रोज ८ रुपये आणि तीव्र कुपोषित मुलामागे १२ रुपये असे दर २०१७ मध्ये ठरले, आणि पुढची कित्येक वर्षं तेच चालू राहिले. वर्षात ३०० दिवस आहार धरला तर एका मुलाचे २,४०० रुपये होतात. २०१७ मध्ये तूरडाळ, तेल, अंडी यांचा भाव काय होता आणि आज काय आहे, हे किराणा दुकानात विचारून शेजारी लिहा. हा एवढा तक्ता दहा पानी भाषणाचं काम करतो. कोणत्याही पक्षाच्या खासदाराला तो समजतो, आणि कुणालाच तो खोडता येत नाही.

पायरी ५ : खासदाराला प्रश्न तयार करून द्या

महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ सदस्य जातात. गोव्यातून २ आणि १. आपल्या उदाहरणात दोन टोकांच्या खासदारांकडे जायला हवं : जिथून कुटुंबं निघतात तिथला आणि जिथे मुक्काम करतात तिथला. दोघं वेगळ्या पक्षांचे असतील तर उत्तमच. तोच प्रश्न दोन्ही बाजूंनी आला की मंत्रालयाला तो एका पक्षाचा डाव म्हणून झटकता येत नाही.

खासदाराला भेटण्याआधी त्यांचं कार्यालय सांभाळणाऱ्या माणसाला भेटा. पीए म्हणा, स्वीय सहायक म्हणा, सूचना लिहिणं आणि वेळेत भरणं तिथून होतं. सोबत दोन पानांपेक्षा जास्त कागद नकोत. पहिल्या पानावर मोजणी आणि दराचा तक्ता, दुसऱ्यावर तयार प्रश्न. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, प्रश्न साधारण १५० शब्दांत बसावा लागतो, आणि त्यात मत विचारता येत नाही किंवा आरोप करता येत नाही. प्रत्येक मंत्रालयाचा उत्तराचा वार ठरलेला असतो; तो अधिवेशनाच्या वेळापत्रकात पाहा. नमुना असा :

*महिला व बालविकास मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :*
*(अ) मागील तीन आर्थिक वर्षांत पोषण ट्रॅकरवर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात स्थलांतरित अशी नोंद झालेल्या सहा वर्षांखालील बालकांची राज्यनिहाय संख्या किती;*
*(ब) त्यांपैकी किती बालकांना स्थलांतराच्या ठिकाणी पूरक पोषण आहार मिळाल्याची नोंद आहे;*
*(क) पूरक पोषण आहाराचे प्रतिबालक दर शेवटचे केव्हा सुधारण्यात आले व पुढील सुधारणेचा प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर आहे;*
*(ड) हंगामी स्थलांतर होणाऱ्या भागांत पाळणाघरे सुरू करण्यासाठी ‘पाळणा’ योजनेतून राज्यांना किती निधी देण्यात आला?*

यात (ब) सर्वांत महत्त्वाचा आहे. आकडा आला तर तुमच्या यादीशी ताडून पाहता येतो. ‘अशी स्वतंत्र नोंद ठेवली जात नाही’ असं उत्तर आलं, तर ती सरकारने स्वतः दिलेली कबुली झाली आणि पुढच्या प्रत्येक निवेदनाला ती जोडता येते. हाच प्रश्न आधी कुणी विचारला होता का, हे संसदेच्या संकेतस्थळावर शोधून घ्या. जुनं उत्तर सापडलं तर तुमचा प्रश्न त्याच्या पुढून सुरू करा.

तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्न असतात. अतारांकित २३० असतात आणि त्यांना लेखी उत्तर मिळतं. आकडे हवे असतील तर अतारांकितला कमी लेखू नका, त्यात राज्यनिहाय तक्ते येतात. प्रश्न लागला नाही तर लोकसभेच्या नियम ३७७ खाली २५० शब्दांपर्यंतचा मजकूर मांडता येतो. शून्य प्रहरही आहे, पण तिथे मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं असं नाही. त्यामुळे वर्तमानपत्रात बातमी येते आणि विषय तिथेच विरतो.

बहुतेकांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट म्हणजे आश्वासनं. ‘माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ असं उत्तर आलं की ते शासकीय आश्वासन ठरतं. ते तीन महिन्यांत पुरं व्हावं अशी अपेक्षा असते आणि त्यावर लक्ष ठेवायला दोन्ही सभागृहांत आश्वासन समिती आहे. तारीख लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी खासदाराच्या कार्यालयाला त्याची आठवण करून द्या.

दिल्लीइतकीच उपयोगाची जागा जिल्ह्यात आहे. ‘दिशा’, म्हणजे जिल्हा विकास समन्वय व संनियंत्रण समिती, २०१६ पासून काम करते. तिचं अध्यक्षपद खासदाराकडे असतं आणि केंद्राच्या योजनांचा आढावा तिथे दर तिमाहीला होणं अपेक्षित आहे. रस्ते आणि घरकुलांवर बैठक संपून जाते. अंगणवाडीचा विषय कार्यसूचीवर लेखी घालायला सांगा, म्हणजे इतिवृत्तात तो येतो.

पायरी ६ : स्थायी समितीकडे जा

शिक्षण, महिला, बालक, युवक व क्रीडा या विषयांची विभागसंलग्न स्थायी समिती राज्यसभा सचिवालयाच्या अखत्यारीत आहे. तिच्यात ३१ सदस्य असतात : २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला की अधिवेशनाच्या मधल्या सुटीत ही समिती मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या तपासते, सचिवांना बोलावून विचारते आणि अहवाल देते. शिफारशींवर काय केलं हे सरकारला तीन महिन्यांत कळवावं लागतं. माझ्या मते मुलांच्या विषयासाठी संसदेतली ही सर्वांत मोलाची जागा आहे. दारं बंद असतात, कॅमेरा नसतो, त्यामुळे वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य एकाच बाजूने बोलू शकतात.

समितीकडे विधेयक गेलं की ती जनतेकडून निवेदनं मागवते. मुदत थोडी असते. नवीन कायद्याचा मसुदा संसदेत येण्याआधी मंत्रालयाने तो किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, असं २०१४ चं पूर्वविधिमंडळीय सल्लामसलत धोरण सांगतं. ते कायद्याने बंधनकारक नसल्याने कित्येकदा पाळलं जात नाही, म्हणून मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नजर ठेवणारा एक माणूस गटात नेमलेला बरा.

निवेदन कसं असावं याचा वस्तुपाठ जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये घालून दिला. हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी लेखी मांडणी केली : सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाकडे जातो, म्हणून निदान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. पैसा कुणाचा, जातो कुठे आणि नेमकं काय हवं, हा क्रम आजही तसाच वापरता येतो.

पायरी ७ : याचिका आणि आयोग

लोकसभेकडे नागरिक याचिका करू शकतात. भाषा संयत हवी, शेवटी नेमकी मागणी हवी, आणि सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते. मराठीत लिहिली तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडून त्यावर सही करावी लागते. शुल्क नाही. याचिका समितीने ती हाती घेतली तर मंत्रालयाला खुलासा करावा लागतो. काम हळू चालतं.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोग २००५ च्या कायद्याने आला आणि मार्च २००७ पासून सुरू झाला. चौकशीसाठी त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, पण त्याच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. एकच तक्रार राज्य आयोगाकडे आणि राष्ट्रीय आयोगाकडे एकदम पाठवू नका, कारण राज्य आयोगाकडे प्रलंबित असलेल्या प्रकरणाची चौकशी राष्ट्रीय आयोगाला करता येत नाही. दोन राज्यांचा विषय असल्याने आपला कागद थेट राष्ट्रीय आयोगाकडे गेलेला बरा.

मोठी मागणी कोणती करावी?

‘मुलांसाठी वेगळं मंत्रालय काढा’ ही मागणी सारखी ऐकू येते. मला ती फारशी पटत नाही. आणखी एक मंत्रालय म्हणजे आणखी एक टेबल. नॉर्वेने १९८१ मध्ये सरकारपासून स्वतंत्र असा बाल लोकपाल नेमला. न्यूझीलंडने २०१८ च्या कायद्याने बालदारिद्र्य घटवण्याची उद्दिष्टं ठरवणं आणि त्याचा हिशोब देणं सरकारवर बंधनकारक केलं. दोन्हींत मुलांच्या बाजूने सरकारकडे पाहण्याची कायमची सोय झाली. आपल्याकडे दोन गोष्टी मागता येतील : मंत्रिमंडळापुढे जाणाऱ्या प्रत्येक टिपणात मुलांवर होणाऱ्या परिणामाचा एक परिच्छेद, आणि विवरणपत्र १२ सोबत मागच्या वर्षी किती मुलांपर्यंत काय पोचलं याचा अहवाल.

यासाठी खासदाराला खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, मांडायला सांगता येतं. स्वातंत्र्यानंतर अशी मोजून १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. तरी मी ते मागायला सांगेन. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यात तोच विषय कायद्यात आणला, आणि देशाचा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. पडलेल्या विधेयकाचा मसुदा आणि त्यावरची चर्चा कार्यवृत्तात राहते, आणि पुढच्या माणसाला सुरुवात शून्यातून करावी लागत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

मोजणी ऑक्टोबर ते मार्च, कुटुंबं बाहेर असताना. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अर्थ मंत्रालयाच्या खर्चाच्या बैठका सुरू असतात, म्हणून दराचा तक्ता त्याआधी मंत्रालयाला आणि खासदाराला पोचवा. हिवाळी अधिवेशनासाठी प्रश्न दिवाळीच्या सुमाराला तयार हवा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात विवरणपत्र १२ वाचून स्थायी समितीला निवेदन. एप्रिल-मेमध्ये मुलं गावी परतली की वजनं आणि बालसभा, आणि त्यावरून पावसाळी अधिवेशनासाठी नवा प्रश्न.

संसदेतलं उत्तर हाती आलं की ते मराठीत करून ग्रामसभेत वाचा, एक प्रत अंगणवाडीत लावा आणि एक प्रत मुकादमांना द्या. कोणत्या गावच्या मुलाचं नाव मुक्कामाच्या ठिकाणी कोणत्या अंगणवाडीत लावायचं, याची यादी सेविकेकडून दसऱ्याच्या आत करून घ्या.